उन्हाळी गाडीची हिवाळी सर्व्हिस : १९९६ची मियाटा, मिसिसागा (ऑन्टारिओ, कॅनडा), २०२४-२५

गाडी : माझ्दा मियाटा एमएक्स-५, १९९६, १.८ लिटर, पाच गिअर, कापडी छत.
जागा : घराला जोडलेलं गॅरेज, आत हीटर नाही.
वापर : एप्रिलअखेर ते ऑक्टोबर, हिवाळाभर गॅरेजमध्ये उभी. यंदा २,१८० किलोमीटर.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

दर वर्षी पडणारा प्रश्न असा : सर्व्हिस आत्ता करायची, की गाडी बाहेर काढताना? बरेच जण वसंतातच करतात. नव्या मोसमाला नवं ऑइल, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण त्यात जुनं, वापरलेलं ऑइल सहा महिने इंजिनात बसून राहतं, आणि नुकसान नेमकं तेव्हाच होतं.

सर्व्हिसच्या तक्त्यात ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते’ असं लिहिलेलं असतं. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत किलोमीटरचा आकडा कधीच आधी येत नाही. म्हणून अशा गाडीची सर्व्हिस कॅलेंडरवर चालते. त्यातही दोन भाग पडतात. उभ्या गाडीला आतून खाणाऱ्या गोष्टी आत लावण्यापूर्वी काढायच्या : ऑइल, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ, छताच्या नाल्यांतला कचरा. उभं राहिल्यामुळे चिकटणाऱ्या, गळणाऱ्या, चपट्या होणाऱ्या गोष्टी बाहेर काढताना तपासायच्या : ब्रेक, क्लच, टायर, रबरी नळ्या. ऑइल वर्षातून एकदाच, आणि ते ऑक्टोबरात.

आजचं काम ऑइलचं. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला ताकासारखा फिकट, चिकट थर होता. गेल्या तीन आठवड्यांतल्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांचा हा परिणाम. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) उतरतं. ऑइल नीट तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. न तापलेल्या इंजिनात ते ऑइलमध्येच राहतं, जळक्या वायूंशी मिळून आम्ल होतं, आणि बेअरिंगवर बसून राहतं.

म्हणून आधी महामार्गावर २५ मिनिटं गाडी चालवली. गार इंजिनातलं ऑइल काढलं तर खाली बसलेला गाळ खालीच राहतो. चेंबरचा बोल्ट १९च्या पान्याचा. जुना वायसर पुन्हा वापरायचा नाही, तो एकदाच दबतो. बोल्ट टॉर्क पान्याने ३५ न्यूटन-मीटरवर आवळला (मर्यादा ३० ते ४१). चेंबरच्या आट्यांवर जोर केला तर पुढचं काम आटे नव्याने पाडण्याचं होतं.

फिल्टर हा या गाडीतला सगळ्यात किचकट भाग. तो उजव्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेला असतो. वरून हात जात नाही. उजवं पुढचं चाक काढून बाजूने हात घालणं सोपं पडतं. फिल्टर सुटताना ऑइल हातावरून कोपरापर्यंत येतं, तेव्हा खाली चिंधी धरावी आणि ऑइल गरम असेल तर दहा मिनिटं थांबावं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावं. राहिली आणि नवी रिंग तिच्यावर बसली, तर पहिल्याच मिनिटाला सगळं ऑइल जमिनीवर. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावून, रिंग टेकल्यावर पाऊण फेरा, तोही हातानेच.

फिल्टरसह ३.८ लिटर लागतं. ५डब्ल्यू-३० सिंथेटिक आधी ३.६ लिटर ओतलं, इंजिन एक मिनिट चालवलं, पाच मिनिटं थांबून ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी पाहिली, मग उरलेलं. त्यानंतर पुन्हा वीस मिनिटांची फेरी. नवं ऑइल नुसतं चेंबरमध्ये पडून उपयोग नाही. ते बेअरिंग, कॅम आणि टॅपेटपर्यंत (इंजिनाच्या वरच्या भागात व्हॉल्व्ह दाबणारे भाग) पोचून जुन्याची जागा घ्यायला हवी.

कुलंट रिफ्रॅक्टोमीटरवर (एका थेंबावरून गोठणबिंदू दाखवणारं उपकरण) पाहिलं : गोठणबिंदू उणे ३६. निम्मं पाणी, निम्मं कुलंट असलं की साधारण एवढाच येतो. रंग स्वच्छ, बदलण्याची वेळ २०२५च्या ऑक्टोबरात. फक्त गोठणबिंदू बरोबर आहे म्हणून कुलंट वर्षानुवर्षं ठेवू नये. गंज रोखणारा त्यातला भाग आधी संपतो, गोठणबिंदू तसाच राहतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

धुणं, नाल्या, पत्रा, पेट्रोल. याच क्रमाने.

आधी खालून पाणी मारलं : चाकांच्या कमानी, मागचे सस्पेन्शनचे हात, आणि मागच्या चाकाच्या पुढचा उंबऱ्याचा (दाराखालच्या पत्र्याचा) कोपरा. मियाटा गंजते ती तिथून. कारण वर आहे. छतावरून ओघळलेलं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंच्या नाल्यांत जातं आणि मागच्या चाकाच्या पुढे खाली पडतं. नालीत पानं आणि धूळ अडकली की पाणी उंबऱ्याच्या पोकळ पेटीत उतरतं आणि तिथे साचतं. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा चाळणी झालेला असतो.

गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी, सुमारे ६० सेंटिमीटर, टोक मेणबत्तीवर गोल करून नालीत घातली. तार वापरू नये, आतली रबरी नळी फाटते. मग दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा लिटर पाणी ओतलं. डावीकडचं लगेच खाली आलं. उजवीकडचं आधी वरच थांबलं, दोरी दुसऱ्यांदा घातल्यावर काळा चिखल आणि मेपलच्या बिया पडल्या, मग धार लागली. गाडी मागे झाडाखाली उभी असते तेव्हा झाडाच्या अंगाला येते ती हीच बाजू.

दोन दिवस वाळू दिल्यावर उंबऱ्यांच्या आतून गंजरोधक तेल फवारलं. बाहेर पडायची भोकं मोकळी ठेवली. ब्रेकच्या डिस्क, सस्पेन्शनचे रबरी बुश आणि सायलेन्सर यांवर तेल जाऊ द्यायचं नाही.

पेट्रोल : ऑन्टारिओत पेट्रोलमध्ये २०२० पासून सरासरी किमान १० टक्के जैव इंधन लागतं, २०२५ पासून ११ टक्के. ते मुख्यतः इथेनॉल, आणि इथेनॉल ओल ओढतं. टाकी अर्धी असेल तर वरच्या हवेत दिवसरात्रीच्या तापमानाने दव धरतं. म्हणून टाकी भरून ठेवायची. ४८ लिटरच्या टाकीत पेट्रोल टिकवणारं द्रव्य १५० मिलि (आपल्या बाटलीवरचं प्रमाण पाहावं). आधी द्रव्य, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप ढवळतं. पंपावरून घरी येईपर्यंत पंधरा मिनिटं इंजिन चाललं पाहिजे, नाहीतर द्रव्य टाकीतच राहतं आणि इंजेक्टरमध्ये जुनंच पेट्रोल.

२ नोव्हेंबर, शनिवार

गाडी आत लावली. रस्त्यावर मीठ पडायच्या आधी हे व्हायला हवं. एकदा मीठ टाकलेल्या ओल्या रस्त्यावरून गाडी आणली की मागच्या पंधरवड्यातलं धुणं वाया जातं.

काँक्रीटवर आधी जाड प्लॅस्टिकचा कागद पसरला. हिवाळ्यात जमिनीतून ओल वर येते आणि थंड पत्र्याखाली जमते. गाडीवर मात्र प्लॅस्टिक घालायचं नाही. कापडी, हवा जाणारं आच्छादन हवं, नाहीतर आत घाम धरतो.

टायर १८५/६०आर१४. चालवताना २६ पीएसआय, उभी करताना ३८ (टायरच्या बाजूवर कमाल ४४ छापलंय). हवा जास्त ठेवली की टायर एका जागी चपटा होत नाही. गाडी स्टँडवर उचलून हिवाळाभर ठेवायची गरज नाही. सस्पेन्शन पूर्ण लोंबकळत राहिलं तर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात.

हँडब्रेक लावलेला नाही. पहिला गिअर आणि दोन चाकांना लाकडी ठोकळे. हँडब्रेक लावून उभी केलेली गाडी मार्चमध्ये हलत नाही, कारण पॅड डिस्कला गंजाने चिकटतो. मागचं प्लॅस्टिकचं काचपत्र घडी न घालता छत वर ठेवलं. थंडीत घडी घातली तर ते तडकतं. दहा अंशांच्या खाली छत हलवायचंच नाही.

हवेच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या टोकाशी स्टीलच्या तारेचा बोळा, उंदरांसाठी. स्टीअरिंगला लाल चिठ्ठी बांधली : ‘दोन बोळे. ठोकळे. हवा ३८.’ सापळे गाडीच्या बाहेर, भिंतीलगत. विष टाकायचं नाही, मेलेला उंदीर हीटरच्या नळीत सापडतो.

विमा : ऑन्टारिओत उभ्या गाडीचं अपघात आणि जबाबदारीचं संरक्षण तात्पुरतं थांबवता येतं, चोरी-आगीचं चालू राहतं (जोडपत्र ओपीसीएफ १६). हप्ता कमी होतो. पण त्यानंतर गाडी रस्त्यावर नेणं पूर्ण बंद. ‘जानेवारीत ऊन पडलं तर एक चक्कर’ हा विचार तिथेच संपतो, आणि गाडीच्या दृष्टीने ते बरंच आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

बॅटरी १२.८५ व्होल्ट, चार्जर लावलेला. या गाडीत बॅटरी डिकीत, उजव्या बाजूला असते. ती बंद प्रकारची आणि बाहेर वायू सोडणारी नळी असलेलीच हवी. साधी बॅटरी बसवली की आम्लाची वाफ डिकीचा पत्रा खाते.

चार्जर का, याचा हिशेब. गाडी बंद असताना १५ मिलिअँपिअर ओढते. दिवसाला ०.३६ अँपिअर-तास, दोन महिन्यांत सुमारे २२. बॅटरी ३२ची. म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला दोन तृतीयांश रिकामी. भरलेली बॅटरी उणे ५०पर्यंत गोठत नाही, पूर्ण उतरलेली उणे १०च्या आसपासच गोठते आणि तिचं कवच फुटतं. चार्जर स्वतः थांबणारा, बॅटरीच्या प्रकाराला जुळणारा हवा. साधा चार्जर महिनाभर लावून ठेवायचा नाही. चार्जरची सोय नसेल तर १०च्या पान्याने ऋण टोक सोडावं.

डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांच्या रोजच्या गाडीलाही हाच हिशेब लागतो. नव्या गाड्यांत बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंत ओढ असते. ४५ दिवसांत ५४ अँपिअर-तास, आणि बॅटरी ६०च्या आसपासची. विमानतळावरून घरी आल्यावर गाडी चालू होत नाही, याचं कारण थंडीपेक्षा हेच जास्त असतं.

दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवावं, हा सल्ला अजून ऐकू येतो. तो घातक आहे. उभ्या उभ्या हे इंजिन तासाला साधारण एक लिटर पेट्रोल घेतं. दहा मिनिटांत दीडशे मिलि पाणी. एवढ्या वेळात ना ऑइल तापतं, ना सायलेन्सर. पाणी दोन्हीकडे राहतं. सोळा आठवडे असं केलं तर ऑक्टोबरातलं स्वच्छ ऑइल मार्चपर्यंत पुन्हा ताकाच्या रंगाचं. इंजिन चालू करायचं तर अर्धा तास रस्त्यावर चालवायचं. ते शक्य नसेल तर किल्लीला हात लावायचा नाही.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

गॅरेजमध्ये उणे ९. टायर ३८ वरून ३३वर. गळती नाही. तापमान साडेपाच अंश उतरलं की साधारण एक पीएसआय जातो. नोव्हेंबरात हवा भरली तेव्हा १६ अंश होते, हिशेब जुळतो. चारही सारखेच उतरले, हे महत्त्वाचं. एकच उतरला असता तर व्हॉल्व्ह किंवा रिम पाहावी लागली असती.

एक चूक मात्र सापडली. शेजारी रोजची गाडी उभी राहते. तिच्या चाकांच्या कमानींतला मिठाचा बर्फ वितळून पाणी उताराने मियाटाच्या खाली, प्लॅस्टिकच्या कागदावर येऊन साचलं होतं. वाळलेल्या कडेला पांढरी खरखरीत रेघ. रस्त्यावर न नेताही गाडीला मीठ मिळत होतं, आणि दमट हवेत मीठ ओल धरून ठेवतं. पाणी पुसलं, मधे रबराची उंच पट्टी चिकटवली. रोजची गाडी मोठ्या बर्फाच्या दिवशी बाहेरच ठेवायची.

१२ एप्रिल, शनिवार

रस्त्यावरचं मीठ धुऊन जायला दोन-तीन जोरदार पाऊस लागतात. तारीख पाहून गाडी काढायची नाही, गटाराच्या कडेची पांढरी पूड पाहून ठरवायचं.

चिठ्ठीप्रमाणे बोळे काढले. एअर फिल्टरच्या पेटीत अक्रोडाचं अर्धं टरफल, वायरिंग शाबूत. पट्ट्यांना चिरा नाहीत. जमिनीवर ऑइलचा डाग नाही. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला, क्लचच्या खालच्या सिलिंडरखाली मात्र दोन थेंबांचा ओला ठिपका.

इंजेक्शनचा फ्यूज काढून स्टार्टर पाच-पाच सेकंद तीनदा फिरवला, म्हणजे पेट्रोल न जळता ऑइल वर चढतं. या सालच्या गाडीत ऑइलच्या दाबाचा काटा खरा दाब दाखवत नाही, नुसता स्विचवर उठतो. काटा उठला म्हणजे ‘थोडा दाब आहे’ एवढंच समजावं. फ्यूज बसवून किल्ली फिरवली, दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. वरून टकटक. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, उभ्या गाडीत त्यांतलं ऑइल उतरतं. चाळीस सेकंदांत आवाज थांबला. इंजिन पूर्ण तापून वीस मिनिटांनीही टकटक राहिली तरच ती दुरुस्तीची बाब.

पट्टीवर ऑइल मधाच्या रंगाचं, वास नाही, पातळी ऑक्टोबरातलीच. बदलायचं काही कारण नाही. हे ऑइल सहा महिने जुनं असलं तरी ते ज्वलनाच्या घाणीत फारच थोडा वेळ राहिलेलं आहे.

१३ एप्रिल, रविवार

चारही चाकं काढली. पुढचे ब्रेक मोकळे. मागे उजवं चाक हाताने फिरवायला जड. कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची) सरकपिन कोरडी, तिच्यावर तपकिरी पूड. पिन काढून पितळी ब्रशने घासली, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस अगदी पातळ लावलं. साधं ग्रीस इथे चालत नाही, रबरी टोपी फुगते आणि पिन आणखी घट्ट होते.

मागच्या पॅडचं अंतर : कॅलिपरच्या मागचा १४चा बोल्ट काढला की आत ४ मि.मी.च्या अॅलन किल्लीचा स्क्रू दिसतो. पॅड डिस्कला टेकेपर्यंत आवळायचा, मग एक तृतीयांश फेरा मागे. हे न केल्यामुळे हँडब्रेक सैल होतो आणि लोक केबल ताणत बसतात.

डिस्कवरचा नारिंगी गंज पृष्ठभागावरचा आहे, गाडी रस्त्यावर गेली की पाच-सहा मध्यम ब्रेकांत जाईल. चाकांचे नट १०० न्यूटन-मीटर. टायर २६वर आणले. बाजूवरचा आकडा २३१८, म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. नक्षी अर्धी शिल्लक, पण रबर सात वर्षांचं झालं, आणि ओल्या रस्त्यावर या हलक्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला टणक रबर धोक्याचं. यंदाचा मोसम शेवटचा.

२६ एप्रिल, शनिवार

क्लच. पेडल खोल जात होतं आणि रिव्हर्स टाकताना दात घासायचे. खालच्या सिलिंडरची (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून क्लचपर्यंत पोचवणारा) रबरी टोपी जराशी उलटली तर आतून काळपट ब्रेक ऑइल बोटावर आलं. ही या गाडीची जुनी खोड. ब्रेक ऑइल ओल ओढतं, सिलिंडरच्या आतल्या भिंतीला बारीक खड्डे पडतात, वापर नसताना रबरी कप एका जागी बसतो, आणि पहिल्यांदा दाबला की त्या खड्ड्यांवर कापला जातो.

नवा कप घालून भागत नाही, खड्डे तेच राहतात. पूर्ण सिलिंडर बदलला. १२चे दोन बोल्ट, नळीचा नट १०चा. नळीला साधा पाना लावू नये, कोपरे गोल होतात, नटाला सगळीकडून धरणारा फ्लेअर पानाच हवा. वरचा सिलिंडरही पाहिला, पेडलकडची बाजू कोरडी, तो ठेवला.

हात लागलाच आहे म्हणून ब्रेक ऑइलही बदललं. तसंही दोन वर्षं भरली होती. ताजं डॉट-३ दर्जाचं ब्रेक ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० पर्यंत उतरतं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी : मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. क्लचसह पाऊण लिटर लागलं. मागच्या उजव्या निपलमधून चहासारखं आलं, बाकी तिन्हींतून फिकट. १३ तारखेला जड असलेलं चाकही तेच. त्या कॅलिपरचा पिस्टन पुढच्या वर्षी उघडून पाहायचा.

विम्याचं पूर्ण संरक्षण आजपासून पुन्हा चालू केलं, गाडी रस्त्यावर नेण्याआधी.

३ मे, शनिवार

१८० किलोमीटर झाले. चाकांचे नट पुन्हा तपासले, हलले नाहीत. चारही डिस्कचं तापमान फेरीनंतर पाहिलं : मागची दोन्ही जवळपास सारखी, म्हणजे उजवा ब्रेक धरून राहत नाही. क्लचची टोपी कोरडी. ९५ किलोमीटर वेगाला असलेली टायरची थरथर पहिल्या चाळीस किलोमीटरमध्ये गेली.

कोकणात जूनला घर बंद करून मुंबईला जाणाऱ्या एका नातेवाइकांनी त्यांच्या गाडीसाठी हाच क्रम विचारला. तिथे मीठ समुद्राच्या वाऱ्याचं, थंडीऐवजी दमट उष्णता, पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्के. क्रम बदलत नाही : ऑइल आणि टाकी मेअखेर, हँडब्रेक मोकळा, ब्रेक आणि क्लच गणपतीला गाडी काढताना. आच्छादन मात्र तिथे शेडच्या आत असेल तरच. भिजलेलं कापड रंगावर चिकटून राहण्यापेक्षा उघडी गाडी बरी.

टायमिंग बेल्ट २०१६ला बदललेला, तेव्हापासून २४,००० किलोमीटर. अंतर कमी, पण रबर नऊ वर्षांचं. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त जागेवर थांबते. पाण्याचा पंप बाहेरच्या पट्ट्यावर चालतो, पण तो काढायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, आणि उभ्या गाडीत पंपाचं सील कोरडं पडतं. बेल्ट, पंप, पुढची दोन ऑइल सील आणि सहा लिटर कुलंट हे सगळं एकाच वेळी, ऑक्टोबर २०२५ला, ऑइलच्या आधीच्या शनिवारी.